टॅम्पिनीसचा शाकाहारी भाडेकरू

विमान खाली येऊ लागलं तेव्हा शहराच्या आधी जहाजं दिसली. समुद्रात ती ओळीनं थांबली होती, भुसावळच्या यार्डात मालगाड्या सिग्नलची वाट बघत थांबतात तशी. माझे बाबा रेल्वेत फिटर होते, त्यामुळे जगातली कुठलीही रांग मला आधी यार्डासारखीच दिसते. दोन वर्षांचा नोकरीचा करार, दोन बॅगा आणि त्यातल्या एकीत आईनं कोंबून भरलेला दोन किलो काळा मसाला, एवढ्या जोरावर मी सिंगापूरला उतरलो. तपासणीच्या टेबलावर एका तरुण अधिकाऱ्यानं मसाल्याचं पुडकं नाकाशी नेलं, लागोपाठ चार वेळा शिंकला आणि बोलायची सोय न राहिल्यानं हातानंच मला "जा, जा" केलं.

पाया लेबारजवळच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी प्लास्टिक तपासायला आलो होतो. म्हणजे ते ताणायचं, वाकवायचं, तापवायचं आणि कधी तुटतं ते लिहून ठेवायचं. काम सोपं होतं. अवघड होतं ते राहायला खोली मिळवणं. पहिले दहा दिवस मी हॉटेलात बसून फोन लावत होतो. "इंडियन? घरात स्वयंपाक करणार?" एवढे दोन प्रश्न आणि मग "सॉरी हं." अकराव्या दिवशी एजंटबाई म्हणाल्या, "टॅम्पिनीसला एक आंटी आहेत. एकट्याच असतात. जाऊन बघ, आणि जरा नीट वाग."

टॅम्पिनीस म्हणजे सरकारी इमारतींचं एक अख्खं गाव आहे. इमारती सगळ्या सारख्याच, म्हणून ओळख पटावी यासाठी भिंतींवर पुरुषभर उंचीचे आकडे रंगवलेले. तरीही मी चुकीच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर जाऊन एका मलाय आजोबांची दुपारची झोप मोडलीच. ते रागावले नाहीत. मला लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि बोट दाखवून बरोबर इमारत समजावून सांगितली.

लिम आंटी जेवायला बसल्या होत्या. पासष्टीच्या, बुटक्या, केस बारीक कापलेले, अंगात फुलाफुलांचा सैल सदरा. ताटलीत तांदळाच्या शेवया, कोबी आणि टोफू. कोपऱ्यात देव्हारा, त्यात ग्वानयिनची (करुणेची देवी, अवलोकितेश्वराचं चिनी रूप) पांढरी मूर्ती आणि समोर तीन संत्री. "व्हेजिटेरियन," ताटलीकडे बोट करून त्या म्हणाल्या. आंटींचं इंग्रजी मोजक्या शब्दांचं होतं. इथे मी ते मराठीत घालून देतो. फक्त त्यांचा 'लाह' तेवढा तसाच ठेवतो, कारण तो आपल्या 'की' आणि 'हो ना' यांच्या मध्ये कुठेतरी बसतो आणि मला अजून नीट सापडलेला नाही.

"इंडियन. म्हणजे हिंदू?"

"नाही आंटी, बुद्धिस्ट."

आंटींनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बुद्धाच्या देशातला!" त्यांचा चेहरा इतका उजळला की आता खोली मिळालीच असं मला वाटलं. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. "मांस खातोस?"

"नाही," मी म्हणालो.

"अंडं?"

"नाही नाही. अंडंसुद्धा नाही."

मटणाच्या काळ्या रश्श्यावर आणि सुकटीवर वाढलेला मी, चार सेकंदांत दोन्हींवर पाणी सोडून मोकळा झालो. हा प्रश्न मला नवा नव्हता. पुण्यात शिकत असताना तो इतक्या दारांत ऐकला होता की त्याचं सोयीचं उत्तर तोंडपाठ झालं होतं. आंटींनी किल्ली हातावर ठेवली तेव्हा मला जितका आनंद झाला तितकीच स्वतःची लाजही वाटली.

संसार सुरू झाला. हे शहर 'कॅन' आणि 'कॅनॉट' या दोन शब्दांवर चालतं हे मला आठवडाभरात कळलं. इथे बसायला चालेल का? कॅन. सुटे आहेत का? कॅनॉट. एमआरटीनं (शहरी मेट्रो) प्रयोगशाळेत जायचं, सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, गाडीत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हे सगळं अंगवळणी पडलं. पडलं नाही ते कपडे वाळत घालणं. इथे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू आडवा खोचतात आणि त्यावर कपडे. पहिल्या रविवारी मी कपड्यांनी लादलेला बांबू बाहेर सरकवला आणि माझी ऑफिसची पँट नऊ मजले तरंगत खाली गेली. तळमजल्याच्या मोकळ्या जागेत बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकानं ती घडी घालून बाकावर ठेवली होती. आंटी हसून हसून खुर्चीत बसल्या आणि मग मला चिमट्यांची टोपली देऊन बांबू कसा तोलायचा ते तीनदा करून दाखवलं.

त्या माझ्यासाठी रोज रांधायच्या. मागितलं नव्हतं तरी. टोफू तळून, टोफू वाफवून, टोफू आल्याच्या रसात. सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून केलेलं खोटं बदक, खोटी कोंबडी, एकदा तर खवल्यांसकट खोटा मासा. "खा, लाह. बारीक झालास," असं म्हणत त्या माझ्या वाडग्यात वाढत राहायच्या. मला ताप आला तेव्हा तीन दिवस त्यांनी तांदळाची पेज करून उशाशी आणून दिली, कपाळाला हात लावून बघितला. त्या पेजेच्या दर घोटाबरोबर मला वाटायचं की सांगून टाकावं. पण सांगितलं तर? खोली जाईल ही भीती पहिल्या महिन्यात होती. नंतर भीती वेगळीच झाली. या बाईच्या नजरेतून मी उतरेन, ही.

रविवारी सकाळी आई फोनवरून माझ्याकडून वंदना म्हणवून घ्यायची. पंचशीलातल्या चौथ्या ओळीशी, खोटं बोलणार नाही या ओळीशी आलो की माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. "रेंज जाते वाटतं तुझी," आई म्हणायची. मग फोन बाबांकडे. "काय रे मिलिंद, तिथं कोणी काही विचारतं का?" त्यांच्या 'काही'चा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता. "नाही बाबा," मी सांगायचो. म्हणजे एकाच्या पोटी आता दुसरं खोटं जन्माला आलं होतं.

जीभ मात्र ऐकेना. दर शनिवारी दुपारी "लायब्ररीत जातो" असं सांगून मी एमआरटीनं तीन स्टेशनं पलीकडे, बेडोकला जाऊ लागलो. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली पन्नासेक खाण्याचे ठेले) एक काका सूप कंबिंग (बोकडाच्या मटणाचा मिरीदार रस्सा) द्यायचे. पहिल्या घोटाला मी डोळे मिटले ते भुसावळला उघडले. घरी परतायच्या आधी तीन पेपरमिंटच्या गोळ्या चघळायचो. आंटीही शनिवारी "देवळात जाते" म्हणून बाहेर पडायच्या आणि मोठ्या खुशीत परत यायच्या. त्यांची ती भक्ती बघून मला आणखीच अपराधी वाटायचं.

सातव्या महिन्यातल्या एका शनिवारी बेडोकला पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही हातांत ट्रे धरून मी फिरत होतो. एका टेबलावरून उठणाऱ्या काकांनी मला हाक मारली, "इथे बस, कॅन!" मी ट्रे ठेवला, बसलो आणि समोर पाहिलं. समोर लिम आंटी. त्यांच्या पुढ्यात बदकाच्या मटणाची ताटली, आणि हे बदक अजिबात खोटं नव्हतं.

"मीलिन," त्या म्हणाल्या.

"आंटी," मी म्हणालो.

आम्ही दोघांनीही एकमेकांच्या ताटात बघून घेतलं. पळून जायची सोय नव्हती, मागे रांग उभी होती.

"तुम्ही तर शाकाहारी..."

"पहिल्याला आणि पंधराव्याला. चांद्रमहिन्याच्या. दोनच दिवस." त्यांनी काडी माझ्यावर रोखली. "तू आलास तो पंधरावा होता. आणि तू?"

"मी कुठल्याच दिवशी नाही, आंटी."

"मग मी रोज टोफू कुणासाठी केला? बुद्धाच्या देशातला मुलगा, मला वाटलं घरात मासा शिजवला तर तुला त्रास होईल. सात महिने माझ्या घरात मासा शिजला नाही, लाह!"

हे त्या इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. मग त्यांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. मीही हसत सुटलो, इतका की रस्सा नाकात गेला आणि एका अनोळखी बाईंनी मला टिश्यूचं पाकीट दिलं.

हसणं ओसरल्यावर आंटींनी शांतपणे विचारलं, "पण खोटं का बोललास? मी नुसतं विचारलं होतं."

मला इंग्रजी येतं, पण हे सांगायला ते पुरेना. मी सांगितलं की पुण्यात खोली बघायला गेलं की घरमालक हेच विचारायचे. तो जेवणाचा प्रश्न नसायचा. माणूस कुठल्या जातीचा आहे हे थेट विचारता येत नाही, म्हणून ताटावरून ताडायचं असायचं. चार घरी मी खरं सांगितलं. चारही घरी "कळवतो" म्हणाले आणि कुणी कळवलं नाही. पाचव्या घरी मी नाही म्हणालो, आणि खोली मिळाली. बाबांना ते समजलं तेव्हा महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. तुम्ही विचारलंत आणि ते जुनं उत्तर आपोआप तोंडातून गेलं, मी म्हणालो.

त्यांना जात किती समजली मला ठाऊक नाही. त्यांनी बदकाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून माझ्या वाडग्यात ठेवला.

"मी विचारलं, कारण मला शिजवायचं होतं," त्या म्हणाल्या. "जेवायला घालायचं तर विचारायला नको?"

मला तिथे, त्या गर्दीत, भर दुपारी रडू आलं. मिरी फार आहे, असं मी म्हणालो. आंटींनी ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मंडईत गेलो. त्यांनी जिवंत मासा निवडला, मी मटण घेतलं. आईचा मसाला सात महिन्यांनी बाहेर आला. कांदा-खोबरं भाजून तो तेलात पडला तेव्हा नवव्या मजल्याच्या सामाईक व्हरांड्यात तीन दारं उघडली आणि त्यांतून दोघं शेजारी वाडगी घेऊनच आले. आंटींचं नाक लाल झालं, डोळ्यांतून धारा लागल्या, पण त्यांनी दोनदा मागून घेतलं. त्या रविवारी मी आईबरोबर चौथी ओळ मोठ्यानं म्हटली आणि मग बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईंना आमचा नमो बुद्धाय सांग." मी सांगितला. आंटींनी हात जोडून फोनला वाकून नमस्कार केला.

पहिला आणि पंधरावा दिवस मात्र मी त्यांच्याबरोबर पाळत राहिलो, कुणी न सांगता. टोफूची सवयच झाली होती. बुद्धपौर्णिमेला आम्ही देवळात गेलो. तिथली गर्दी, उदबत्त्यांचा धूर, चिनी मंत्र, यातलं मला काहीच कळलं नाही. मी म्हटलेलं त्रिशरण त्यांना कळलं नाही. 'बुद्ध' एवढा शब्द दोघांनाही कळला आणि त्यावर आमचं भागलं.

दोन वर्षं कशी गेली कळलं नाही. निघताना आंटींनी माझ्या बॅगेत तीन पाकिटं खोटं बदक कोंबलं, आईच्याच निर्दयतेनं. विमानतळावर त्या रडल्या नाहीत, मीच रडलो. "जा, लाह. विमान थांबत नाही," एवढंच म्हणाल्या.

आता मी पुण्यात नोकरी करतो. घरमालक परदेशात असतो, त्यानं मला काहीच विचारलं नाही. दोन खोल्यांचं घर एकट्याला मोठं पडतं म्हणून ऑफिसातल्या एका नव्या सहकाऱ्याला मी सोबत राहायला बोलावलं. लातूरकडचा, माझ्याच वयाचा. परवा शनिवारी तो बॅग घेऊनच खोली बघायला आला. खोली आवडली. मी स्वयंपाकघरात डबे हुडकत होतो, मागे न बघताच सहज विचारलं, "मटण खाता का?"

"नाही नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही. अंडंसुद्धा नाही."

मी वळलो. ती घाई माझ्या चांगलीच ओळखीची होती. आणि विचारताना माझा आवाज त्याला कुणासारखा वाटला असेल, हेही मला त्याच क्षणी कळलं. मी पटकन पुढे झालो.

"उद्या रविवार," मी म्हणालो. "मी रस्सा करणार आहे. किती जणांचा करायचा ते कळावं, म्हणून विचारलं हो."

तो दारातच उभा राहिला. माझ्याकडे बघत होता. मग त्यानं हातातली बॅग खाली ठेवली.

"दोघांचा करा," तो म्हणाला.