घोंगडीवीर कुणाचा?

चित्रकार एकत्र बसले की चित्रांविषयी बोलतात, हा लोकांचा गोड गैरसमज आहे. ते प्रकाशकाविषयी बोलतात! गुलबर्गा स्टेशनजवळ चहाला जमलो की आमच्यातल्या प्रत्येकाकडे एक तरी ताजा किस्सा असतोच, आणि तो चन्नप्पा अण्णांचाच असतो.

अण्णा लग्नपत्रिका छापता छापता कॉमिक्स छापायला लागले. सिद्राम चित्रं काढतो, मी फुग्यांतले संवाद लिहिते. आमचा हीरो घोंगडीवीर. मेंढपाळ आहे, खांद्यावर घोंगडी टाकली की उडतो. त्याला जन्म दिला सिद्रामनं, पण कव्हरवर नाव एकट्या अण्णांचं! सिद्रामला फक्त एक ओळ हवी होती, ‘पात्र आणि चित्रं : सिद्राम’. ती काही मिळेना.

*

पहिला करार काय भारी होता! वकिलाची फी वाचवायला अण्णांनी आपल्या गोदामाचा जुना भाडेकरार काढला आणि ‘भाडेकरू’ खोडून ‘चित्रकार’ टाकलं. सिद्रामनं न वाचता सही ठोकली. नंतर मी वाचून दाखवलं, ‘चित्रकाराने जाताना भिंती रंगवून द्याव्यात व आत कडबा साठवू नये.’

सिद्राम तडक ऑफिसात गेला. “अण्णा, ह्यात माजं नाव कव्हरवर येणार का न्हाई, ते कुठं हाय?”

अण्णा शांतपणे म्हणाले, “नावाचं काय घिऊन बसलास? तू फकस्त कडबा साठवू नको!”

*

मग सिद्राम मेंढ्यांच्या लोकरीत सही लपवायला लागला. अण्णांनी भिंग आणलं. पान पान तपासलं आणि हुकूम सोडला, “पुढच्या अंकात एक बी मेंढरू नको!”

अंक निघाला. घोंगडीवीर मोकळ्या माळावर एकटाच काठी घेऊन उभा. दुसऱ्याच दिवशी निर्णा गावाहून एका मास्तरांचा फोन आला. “अण्णा, ह्यानं मेंढरं विकली व्हय? वर्गात पोरी रडायल्यात!”

त्यापुढच्या अंकात दुप्पट मेंढ्या आल्या. भिंग घेऊन बसलेल्या अण्णांचे डोळे आठवडाभर लाल होते.

*

वैतागून अण्णांनी सिद्रामला काढलं आणि आळंदचा एक बॅनरवाला आणला. माणूस गुणी, पण जन्मभर पुढाऱ्यांचे बॅनर केलेले! त्याचा घोंगडीवीर दरोडेखोरांवर तुटून पडतानाही हात जोडून हसत होता. आणि दरोडेखोर? ते खाली गोल गोल फोटोंत, ओळीनं, शुभेच्छुक म्हणून!

सिद्रामला सन्मानानं परत बोलावण्यात आलं. नाव मात्र तरीही नाही. त्या दिवशी तो हसला, पण चहा तसाच ठेवून उठला. मला फार वाईट वाटलं.

*

आणि मग हैदराबादची एक कंपनी घोंगडीवीरचं कार्टून करायला तयार झाली. अण्णांनी लगेच नवा कागद केला, ‘घोंगडीवीर, त्याचा चेहरा, मिशा व घोंगडी कायमची प्रकाशकाच्या मालकीची.’ यावर सही झाली की सिद्रामचा सगळा हक्क संपणार होता.

आता गंमत अशी, की सिद्रामनं घोंगडीवीरचा चेहरा हुबेहूब आपल्या मामाचा काढलेला. ही गोष्ट अण्णांना ठाऊक नव्हती. मामा खरेखुरे मेंढपाळ. सिद्रामनं त्यांना कागद वाचून दाखवला. मामांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि ते मेंढ्या मोजायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अण्णांच्या दारात! डोक्यावर वळकटी, मागं तीसेक मेंढ्या. अण्णा दात घासत बाहेर आले आणि साक्षात घोंगडीवीर बघून ब्रश तोंडातच राहिला.

मामा ओट्यावर वळकटी सोडत म्हणाले, “चेहरा तुमचा झालाय म्हणं. मग त्यो मी निराळा कुठं ठिवू? ऱ्हातो हितंच. सकाळच्याला भाकरी दोन लागत्यात. मिशीला खोबरेल.”

तोवर मेंढ्या अण्णांच्या बायकोच्या, अक्कांच्या, तुळशीपर्यंत पोचल्या होत्या. आतून अक्कांचा आवाज आला, “अहो, काय पायजे ते लिहून द्या त्यांना!”

अण्णांनी तिथंच, पायरीवर बसून, लिहायला घेतलं. पात्र सिद्रामचं, चेहरा मामांचा, कव्हरवर नाव सिद्रामचं, पुढच्या अंकापासून. लिहिता लिहिता हात थांबायला लागला, तसे मामा वाकून म्हणाले, “बिगी बिगी लिवा, अण्णा. दोन मेंढ्या गाभण हायेत. हितंच व्याल्या, तर कोकरं कुणाची, ते बी कागदात घालावं लागंल.”