वर चढणारं पाणी

आमच्या मागच्या खोलीत प्लायवूडची एक पेटी होती, माणूस आत खुर्ची टाकून बसेल एवढी. दाराला काचेची खिडकी, आतून प्लास्टिक, आणि छताला पालथी लावलेली एक पोलादी प्लेट. सुटीच्या दिवशी सकाळचा चहा झाला की बाबा त्या पेटीत जाऊन बसत. आल्यागेल्याला हे समजावून सांगायचा मला इतका कंटाळा यायचा की बाबा पूजेला बसलेत, असं मी सरळ ठोकून द्यायची.

बाबा नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. नव्वदच्या दशकात एका संस्थेनं त्यांच्याकडे अंतराळयानाचं एक छोटं काम सोपवलं होतं. बंद यानात माणसं श्वास सोडतात, घामेजतात. ती वाफ हवेतून काढली नाही तर सगळं ओलं होतं, बुरशी धरते. त्यासाठी हवा थंड प्लेटवरून न्यायची, म्हणजे वाफेचं पाणी होतं. इथे ते पाणी आपसूक ओघळतं. तिथे वजनच नाही, त्यामुळे 'खाली' असं काही नसतंच. थेंब प्लेटला धरून फुगत राहतो, हवेची वाट अडवतो, आणि सुटलाच तर तरंगत जाऊन तारांमध्ये शिरतो. म्हणून प्लेटवर असा लेप हवा, की थेंब धरूच नये. पाणी पातळ पसरावं आणि प्लेटला पाडलेल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून पंपानं ते ओढून घ्यावं.

आता नाशिकात वजन घालवणार कसं? बाबांनी प्लेट पालथी टांगली. पृथ्वी खाली ओढत असताना पाणी भोकांतून वर चढलं, तर तिथे चढेलच, असं त्यांचं म्हणणं. वाफ किटलीची चालायची नाही, माणसाचीच हवी, कारण माणसाच्या श्वासाघामानं लेप बिघडतो का तेच तर पाहायचं होतं. म्हणून खाली ते स्वतः. डोक्यावर थेंब पडला की प्रयोग फसला.

माझी आई मळेकऱ्याची लेक. शहराला लागूनच तिच्या माहेरचा झेंडूचा मळा होता, आणि इतकी वर्षं शहरात काढूनही तिची बोली तसूभर हलली नव्हती. "त्र्यंबकला कशाला जायचं?" ती म्हणायची. "घरातच महादेव बसलाय, वरून अभिषेक चालू हाय." जेवायला हाका मारून दमली की माझ्याकडे बघायची, "यांना सांगणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी." पेटीतून बाबांचा आवाज यायचा, "अगं, तेच तर जमवायचंय!"

आणि एका वर्षी ते जमलं. पावसाळाभर बाबा कोरड्या डोक्यानं बाहेर येत राहिले. इतके खूश, की भाजीत मीठ कमी असलं तरी त्यांना कळायचं नाही. दसऱ्यानंतर प्लेट पाठवायची ठरली. नीट पुसून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि कुणी हात लावू नका म्हणून बजावलं.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे स्कूटरपासून विळीपर्यंत वर्षभर राबणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा व्हायची. मामांनी पोतंभर झेंडू आणून टाकला होता. आईनं स्कूटर पुजली, शिवणयंत्र पुजलं, पेटीला तोरण बांधलं. मग प्लेटकडे वळली. त्या गुळगुळीत लेपावर कोरडं कुंकू काही टिकेना. तिनं बोटांवर निरांजनातलं तेल घेतलं, कुंकवात बुडवलं आणि पाचही बोटं प्लेटवर घट्ट टेकवली.

बाबा कॉलेजातून आले. त्यांचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?"

"अहो, सगळ्यांची पूजा केली. येवढी येकच बिनपूजेची ठिवायची?"

"अडाणी ती अडाणीच राहिलीस!"

आईनं पदराला बोटं पुसली आणि पुरणाला लागली. बाबांनी स्पिरिटनं कुंकू काढलं, रंग सगळा गेला. पण तेल लेपात मुरलं होतं. प्लेट पुन्हा टांगून ते खाली बसले, तर टेकलेल्या त्या पाच जागी थेंब धरले, फुगले आणि त्यांच्या डोक्यावर पडले. नवी प्लेट करणं शक्य नव्हतं. तसली भोकं पाडून मिळायलाच वर्षं गेली होती. संस्थेनं मुदत वाढवून दिली. घरातलं बोलणंही हळूहळू पूर्ववत झालं, मात्र तो शब्द बाबांनी काही परत घेतला नाही.

त्याच हिवाळ्यात, अंगण झाडता झाडता, आई खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेराव्यानंतर बाबा पुन्हा पेटीत बसू लागले. मला आधी बरंच वाटलं, म्हटलं, कामात जीव रमेल. एकदा मी चहा घेऊन गेले आणि काचेतून पाहिलं. हातात वही नव्हती, पेन्सिल नव्हती. ते मान वर करून बसले होते. प्लेट सगळीकडून सारखी ओली, चकचकीत होती. आणि मधोमध पाच थेंब. चार वरच्या बाजूला कमानीत, एक जरा खाली, बाजूला. कुणीतरी आत्ता, या क्षणी, वरून हात टेकवून धरलाय असं वाटत होतं. अंगठ्याचा थेंब सुटून बाबांच्या कपाळावर पडला. त्यांनी तो पुसला नाही. मी चहा तसाच परत नेला.

मग ते रोजचंच झालं. कॉलेजातून आले की पेटीत.  खोकला धरला, जेवण तुटलं. मी तेव्हा कॉलेजला होते, घर सांभाळत होते आणि सारखी चिडचिड करत होते. मला बाबा त्या पेटीतून बाहेर हवे होते, बाकी काही नको होतं. संस्थेचा फोन आला की ते "बघतो, बघतो" म्हणायचे. शेवटी मीच त्यांना विचारलं, लेप काढून नवा चढवता येईल का?

"येईल," ते म्हणाले. "तेजाबात बुडवायची. मग काही राहत नाही तिच्यावर."

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची सिन्नरला असे लेप चढवायची भट्टी होती. बाबा स्वतः यायला तयार होईनात, पण प्लेट त्यांनीच उतरवली, आईच्या जुन्या पातळात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. जीपमध्ये माणसं कोंबली होती, प्लेट माझ्या मांडीवर होती. पातळाची घडी बाजूला करून मी तिच्यावर हळूच फुंकर घातली. ती पाच बोटं उमटली, आणि पुसट होत गेली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आरसा हाय का गं?" मी हो म्हटलं.

नवा लेप उत्तम बसला. बाबांनी चाचणी घेतली, एकही थेंब पडला नाही. पाणी शहाण्यासारखं वर चढत होतं. प्लेट गेली, संस्थेनं कळवलं की चांगली आहे. पुढे ती कुठे लागली, लागली की नाही, ते आम्हाला कधीच समजलं नाही. मी मात्र सुटकेचा श्वास सोडला. पेटी मोडून तिथे कपाट ठेवू, असंही मनात ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी बाबा घरात कुठे दिसेनात. मी मागच्या खोलीत गेले, तर पेटीचं दार लावलेलं. उघडलं. आत कोंदट, गरम वाफ, प्लास्टिकवरून पाणी निथळत होतं. छताला आता नुसतं प्लास्टिक, आणि त्याखाली बाबा खुर्चीत, मान वर करून. केस, खांदे, बनियन, सगळं भिजलेलं.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही. पडतंय का बघतोय."

"पडतंय की. सगळे भिजलात तुम्ही."

"हो, सगळीकडूनच पडतंय," ते म्हणाले. "पाच जागी पडायचं, तेव्हा कुठे बघून बोलायचं ते तरी ठाऊक होतं."

मला रागवायचं होतं. पण मी आत शिरले आणि दार ओढून घेतलं.