पाठीवरचा पांगारा

माझं माहेर माणदेशातलं. आमच्याकडे पाणी म्हणजे घागरीत असतं ते. लग्न होऊन मी सांगलीच्या अलीकडच्या एका कृष्णाकाठच्या गावात आले, तेव्हा सुरुवातीला भांडी विसळलेलं पाणी मी फेकून द्यायची नाही, बादलीत साठवून ठेवायची. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. "आगं, तुझ्या खरकट्यानं नदी आटायची न्हाई," म्हणायच्या आणि बादली खुशाल उकिरड्यावर उपडी करायच्या. माझा जीव तुटायचा.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची विधवा बहीण. सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या, त्यामुळं घर आत्यांच्या हातात होतं. हात मऊ आणि तोंड फाटकं अशी बाई. सासरचे लोक आमच्याच जातीतले, मूळचे मेंढरं राखणारे, पण दोन पिढ्यांमागं नदीकाठी स्थिरावलेले. मेंढरं कधीच गेली होती. आता ऊस होता, हळद होती. माझा नवरा पलटणीत होता आणि तिकडं युद्ध पेटलेलं होतं, म्हणून हळदीचा रंग अंगावरून उतरायच्या आतच तो परत गेला.

आमची जमीन नदीच्या पलीकडं होती, गाव अलीकडं. रोज सकाळी घरातली सगळी माणसं काहिलीत बसून पलीकडं जात. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी पसरट कढई. तसलीच एक जुनी काहील आमची नाव होती. एकजण कडेनं पोहत ती ढकलत न्यायचा. पाऊस सरून नदी निवळली तशी मीही एका सकाळी भाकरीची दुरडी मांडीवर घेऊन तिच्यात बसले. मधोमध गेल्यावर काहील जराशी डुलली, आणि मी ताडकन उभी राहिले. माळावर काही वेगळं वाटलं की उभं राहून बघायचं, हीच आम्हांला लहानपणापासूनची सवय. काहील उलटली. सगळे पोहणारे होते, म्हणून कुणाला काही झालं नाही. मला केसाला धरून काढलं. भाकऱ्या मात्र माशांनी खाल्ल्या आणि त्या दिवशी घरादारानं दुपारी ऊस चोखला.

त्यानंतर नदी नुसती दिसली तरी मी मागं फिरायची, काहिलीत पाय ठेवायची नाही. सगळे पलीकडं जायचे आणि मी रिकाम्या घरात बसून राहायची. हळदीतलं तण काढायची भांगलण अंगावर आलेली, एकेक हात मोलाचा, आणि मी इथं नुसती उंबऱ्याला राखण. शेवटी एके दिवशी सासरे आत्यांना म्हणाले, "पोरीला म्हायेरी धाडू. पोरगा सुट्टीवर येईस्तोवर ऱ्हाऊ दे तिकडं. हितं एकटी बसून झुरंल."

बोलणं मायेचंच होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मला ते हाकलून देणंच वाटलं. नवी सून अशी परत पाठवली की गावाला पुढचं सांगावं लागत नाही. नांदली नाही, एवढंच म्हणतात. आणि माहेरी तर दुष्काळ, तिथं आणखी एक तोंड कुणाला हवं होतं? मी दाराआडून सासऱ्यांना म्हटलं, "मामा, मला पवायला शिकू द्या. मी पलीकडं येती."

"कवापतोर?"

"संक्रांतीपतोर," मी ठोकून दिलं. कशाच्या जोरावर, देव जाणे.

नदीकाठी पोरं पोहायला शिकतात ती पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की हलकं होतं, माणसाला वर धरून ठेवतं. अंगात पोहणं उतरेल तसा ओंडका थोडा थोडा तासत जायचा. शेवटी हातभर ओंडक्याची चकती उरते, आणि मग तीही लागत नाही. आत्यांनी माझ्या पाठीला असाच एक ओंडका बांधला आणि बायकांच्या घाटावर पहाटे मला पाण्यात घातलं. वेळ पहाटेची ठेवली ती बायांच्या टिंगलीपासून माझा बचाव व्हावा म्हणून, पण त्याची कसर आत्या एकट्याच भरून काढायच्या. "म्हशीवाणी डोकं वर कशाला काढतीस? पान्याला काय वास येतोय व्हय?"

त्यांची टिंगल मला लागायची नाही. लागायचं ते माझंच बोलणं. उजाडता उजाडता सहा वर्षांची पोरं माझ्या शेजारून सुळकांड्या मारत जायची आणि मी मनातल्या मनात स्वतःला असं झोडपायची की तशी कुठल्या सासूनं सुनेला झोडपली नसेल. मेले, तुला काही येत नाही. दगड आहेस. खायला काळ आणि भुईला भार. माझा स्वभावच तापट, आणि घरात नव्या सुनेला राग काढायला दुसरं कोण असतं? मीच माझ्या हाताशी होते.

संक्रांत जवळ आली तरी ओंडका जाडच होता. आत्या रोज चाचपून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून न्हाई." मला वाटायचं, ह्या मुद्दाम लांबवतायत. एका दुपारी घरात कुणी नसताना मी कुऱ्हाड घेतली आणि ओंडका निम्म्यावर आणला. दुसऱ्या दिवशी आत्या घाटावर यायच्या आत पाठीला बांधून पाण्यात उतरले. चार हात मारले असतील. मग कंबर खाली ओढली गेली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि सगळं हिरवं हिरवं दिसायला लागलं. आत्यांनी लुगड्यासकट उडी घेतली आणि मला वेणीला धरून बाहेर ओढलं. वेणी तुटली कशी नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

मला वाटलं, आता मार बसणार. त्या शेजारी बसल्या, आपलं लुगडं पिळत राहिल्या. मीच सुरू झाले. "मी अशीच हाय. मला काय जमत न्हाई. धाडा मला म्हायेरी." रडत होते, खोकत होते आणि स्वतःच्या तोंडात मारून घेत होते.

त्यांनी माझा हात धरला. "येक सांग मला. आमी काय मेंढरामागं फिरलो न्हाई, आमास्नी ठावं न्हाई. तुमचा कळप चालला आन येखादं कोकरू मागं ऱ्हायलं, तर काय करतासा?"

"थांबतो."

"आन चालंनाच झालं तर?"

"खांद्यावर घेतो. मग जरा उतरवून चालवायचं. दमलं की परत घ्यायचं."

"काठी हानत न्हाई?"

"हानून कुठं चालतंय, आत्या? बसकन मारतं मग. मरतं बी."

आत्या मिश्रीचं बोट दातांवरून फिरवत नदीकडं बघत बसल्या. माझे वडील एकेका कोकरासाठी अख्खा कळप उन्हात थांबवायचे, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. मीही किती कोकरं खांद्यावर वाहिली होती, त्यांच्या कानात गोड बोलत वाहिली होती. आपल्यालाही तसं वागवायला हरकत नाही, हे मात्र तोवर माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी पुन्हा रडले, पण हे रडणं वेगळं होतं. त्यात कढ होता, चीड नव्हती.

घरी आल्यावर आत्यांनी भावाला सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "संक्रांत दरवर्सी येती. पोरगी येकच हाय." सासरे उठून बाहेर गेले. मी बोचकं बांधायचं का, ह्याच विचारात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर बाहेर एक नवा ओंडका टेकवून ठेवलेला. पहिल्यापेक्षा जाड. पाठीला लागू नये म्हणून त्याच्या कडा तासून, घासून गोल केलेल्या. मला माहेरी धाडायचं म्हणणाऱ्या माणसानं तो केला होता. त्याबद्दल ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि मलाही त्यांचे आभार मानायचं धाडस झालं नाही. ते आज इथं मानते.

पुढं मी स्वतःशी नवी बोली केली. पलीकडं कधी जायचं हे ठरवायचं नाही, आज कुठवर जायचं तेवढं ठरवायचं. आज त्या खडकापर्यंत. आज खडकाला हात न लावता परत. भीती जास्त वाटली त्या दिवशी नुसतं गुडघाभर पाण्यात बसायचं, लुगडं भिजवायचं आणि घरी यायचं. अशा दिवशी मी स्वतःला म्हणायची, "असू दे बाई, आलीस तर खरी." आधी हे म्हणताना लाज वाटायची, आळशी माणसाची भाषा वाटायची. पण गंमत अशी की शिव्या खाऊन जे अंगात शिरत नव्हतं, ते ह्या दोन शब्दांवर शिरायला लागलं. संक्रांत आली आणि गेली. तिळगूळ घेताना बायांनी विचारलंच, "काय गं, झाली का नदी पार?" मी म्हटलं, "व्हईल की." आणि खरंच तसं वाटत होतं.

शिमग्याच्या आधी एका सकाळी आत्यांनी पाठीवरचं लाकूड चाचपलं. वीतभर उरलं होतं. "चल," म्हणाल्या, आणि माझ्याआधी पाण्यात शिरल्या. धार लागली तिथं हात जड झाले. पूर्वीची मी असते तर स्वतःला डिवचलं असतं. मी पाठीवर उलटी झाले, आभाळाकडं बघत तरंगत राहिले, दम खाल्ला आणि मग पुन्हा वळले. पायाखाली पलीकडचा चिखल लागला तेव्हा तो मला पेढ्यासारखा गोड वाटला. खरंच सांगते, मी खाली वाकून त्या चिखलाला नमस्कार केला.

बांधावरून वर आलो तर गुऱ्हाळाचा धूर निघत होता आणि सगळे नुकतेच न्याहारीला बसत होते. मी निथळत उभी. सगळे बघायला लागले. सासऱ्यांनी मान वर केली, मला पाहिलं, माझ्या पाठीला पाहिलं, आणि रोज घरात बोलावं तसं म्हणाले, "आलीस? हातपाय धू आन वाढ सगळ्यांस्नी."

कौतुक नाही, शाबासकी नाही. घरच्या सुनेला सांगतात ते काम. मला हुंदका आवरेना. पदर पिळून तोंड पुसलं आणि दुरडी पुढ्यात ओढून बसले. पोहून दमलेल्या हातांनी पहिल्याच पानावर वाढताना अर्धी आमटी भुईवर सांडली. कुणी काही बोललं नाही. मीही स्वतःला काही बोलले नाही.