उत्कर्षाची जोडी

इंदापूरकडच्या पेरूच्या बागेतून उठून बारामतीच्या नर्सिंग कॉलेजात आलेली उत्कर्षा पहिल्याच आठवड्यात घरी पळून निघाली होती. बॅग भरून हॉस्टेलच्या खोलीच्या दारात उभी राहिली, तेवढ्यात शेजारच्या कॉटवरची मुलगी म्हणाली, "जायचं तर जा की. पण जेवून जा. आईनं धपाटी दिल्यात." उत्कर्षा जेवली आणि राहिली.

ती मुलगी म्हणजे वडगाव निंबाळकरची प्रगती. बोलकी, कुणातही मिसळणारी. तिच्या आडोशानं अबोल उत्कर्षालाही मैत्रिणींचा घोळका मिळाला. वॉर्डात पलंगाची चादर ताणायची ती दोघींनी, पेशंटला कुशीवर वळवायचं तेही दोघींनी. या दोघींची जोडी ठरलेली. दिवसभर सिस्टरची बोलणी खाऊन पाय भरून यायचे, पण संध्याकाळी गच्चीवर एकमेकींच्या वेण्या घालताना उत्कर्षाला वाटायचं, आपल्यासारखं सुखी कुणी नसेल.

दुसऱ्या वर्षी त्या सुखाला नख लागलं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या जोतीराम आबांचं बीपी तासातासाला मोजायचं होतं. दमलेल्या प्रगतीनं एकदा न मोजताच मागचाच आकडा लिहिला. उत्कर्षानं ते पाहिलं, पण ती बोलली नाही. थोड्या वेळानं आबांना दरदरून घाम फुटला, ओठ पांढरे पडले. डॉक्टर धावत आले.

"मघाशी बीपी खरंच एवढं होतं?"

प्रगतीनं मान खाली घातली. आबांचे डोळे फिरायला लागले होते.

"सर, मोजलं नव्हतं," उत्कर्षा म्हणाली.

पोटात रक्त साचत होतं. आबांना पुन्हा ऑपरेशनला नेलं आणि ते वाचले. प्रगतीचं वॉर्डात जाणं मात्र महिनाभर बंद झालं, वडिलांना बोलावून सगळ्यांदेखत सुनावलं गेलं.

"आधी मला टोकलं असतंस तर मी मोजलं नसतं का?" प्रगती त्या दिवशी एवढंच म्हणाली. प्रगतीनं खोली बदलली. तिच्यामागोमाग बाकीच्यांनीही बोलणं टाकलं. मेसमध्ये उत्कर्षा येऊन बसली की शेजारची ताटं उठायची. वॉर्डात ती चादरीचं एक टोक खोचायची, वळसा घालून पलीकडे जायची आणि दुसरंही आपणच खोचायची.

सुट्टीत घरी गेली तेव्हा आई, प्रयागबाई, पेरू निवडून क्रेट भरत होती.

"आई, माझ्याशी तितं कुनी बोलत न्हाय."

"तू खरं बोललीस न्हवं? मग झालं तर. मैत्रिणी काय जन्माला पुरत्यात व्हय?"

आईचा हात थांबला नव्हता. उत्कर्षानंही एक क्रेट पुढे ओढलं.

पावसाळा सरता सरता प्रगतीला डेंगी झाला. तिला ठेवलं त्याच वॉर्डात उत्कर्षाची ड्यूटी लागली. कपाळावर पट्ट्या ठेवताना तापाच्या ग्लानीत प्रगतीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"उत्कर्षा, जाऊ नगं."

"हितंच हाय मी."

ड्यूटी संपली तरी ती उठली नाही. हात सोडवून घेतला तर पुन्हा मिळेल न मिळेल, असं वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी कुणी तिला नावानं हाक मारली होती.

घरी सोडायच्या दिवशी मैत्रिणी न्यायला आल्या. उत्कर्षानं पुढे होऊन प्रगतीची पिशवी उचलली. प्रगतीनं ती शांतपणे परत घेतली.

"राहू द्या, सिस्टर."

भांडली असती तरी चाललं असतं. उत्कर्षा रिकाम्या पलंगापाशी उभी राहिली आणि नव्या पेशंटसाठी चादर बदलायला लागली.

शेवटच्या वर्षाला ती कॉलेजात पहिली आली. फोन हातात घेऊन नावं वरखाली करत बराच वेळ बसली, मग वडिलांनाच लावला.

"लई झाक झालं!" वडील हरखून गेले. "आता मैत्रिणींस्नी काय तरी गोडधोड खाऊ घाल."

"व्हय, बाबा," ती म्हणाली.