नसलेल्या पाणथरीचं पथ्य

गोदीत तिला सगळे घार म्हणत. हे नाव काही कुणी लाडानं ठेवलेलं नव्हतं. पहिल्यांदा ती क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसली तेव्हा खालून कुणीतरी खवचटपणे विचारलं होतं, "आता ही घार आमच्या डोक्यावर घिरट्या घालणार काय?" वर्षभरात त्यातला खवचटपणा गळून गेला आणि नाव तेवढं राहिलं. पुढे तिला स्वतःलाच ते इतकं आवडायला लागलं, की फोन उचलला की "घार बोलतेय" असंच म्हणायची. बँकेतल्या माणसांची त्यामुळे पंचाईत व्हायची, पण त्याला तिचा इलाज नव्हता.

जहाजावरचे कंटेनर उचलून ट्रकवर ठेवायचे, हे तिचं काम. उंच इमारतीच्या गच्चीवरून दिसावं तसं खालचं सगळं त्या केबिनमधून दिसायचं. केबिनच्या तळालाही काच होती, त्यामुळे नवखा माणूस आधी आपले पाय बघायचा आणि मग डोळे मिटायचा. दोन्ही हातांत दोन दांडे. लोखंडी पंजा खाली सोडायचा, कंटेनर धरायचा, हवेतून आणायचा आणि ट्रकच्या पाठीवर असा टेकवायचा की आत बसलेल्या ड्रायव्हरच्या कपातला चहा हिंदकळता कामा नये. हे चहाचं वाक्य तिचं स्वतःचं. नव्या माणसाला ती ते ऐकवल्याशिवाय सोडायची नाही, आणि ट्रकवाले मान डोलवायचे, कारण ते खोटं नव्हतं.

पन्नाशी उलटली तरी तिनं आजारपणाची रजा म्हणून कधी घेतली नव्हती. "डोकं दुखतं म्हणजे नेमकं काय होतं हो?" असं ती नवऱ्याला खरोखरच्या कुतूहलानं विचारायची. नवरा घड्याळजी होता, भिंग डोळ्यावरून न काढता म्हणायचा, "मला विचार. लग्नापासून दुखतंय."

मग साथ आली. दुकानं बंद झाली, शाळा बंद झाल्या, रस्ते ओस पडले. घड्याळजीनंही दुकानाचं शटर खाली ओढलं. गोदी मात्र चालू होती. माल उतरला नाही तर गाव खाणार काय? घार रोज ताठ मानेनं कामावर जात होती.

एका सकाळी ती बुटाच्या नाड्या बांधत असताना आरोग्य केंद्रातून फोन आला. आवाज तरुण बाईचा होता. आपण डॉक्टर आहोत, जुन्या नोंदी चाळतोय असं सांगून तिनं विचारलं, "तुमची पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढलेली आहे ना?"

घारीला आठवायलाच क्षणभर लागला. विशीत असताना एका उतारावर सायकलचा ब्रेक तुटला होता, ती भिंतीवर आदळली होती आणि हँडल पोटात घुसलं होतं. आतून रक्त थांबेना म्हणून तेव्हाच्या सर्जननं पाणथरी काढून टाकली होती. महिन्याभरात ती पुन्हा सायकल चालवत होती. विषय संपला होता.

"अहो डॉक्टर, ती काढूनही जमाना झाला," ती म्हणाली. "जी गोष्ट अंगात नाहीच, तिला काय होणार आहे?"

"तिला काही होणार नाही. तुम्हाला होईल," डॉक्टर म्हणाली. "पाणथरी रक्तातले जंतू गाळते. ती नसली की साधा तापसुद्धा बघता बघता हाताबाहेर जाऊ शकतो. त्यात ही साथ. तुम्ही आजपासून घराबाहेर पडायचं नाही. घरात कुणी बाहेर जाऊन येत असेल तर त्यांच्यापासूनही लांब राहायचं. निदान तीन महिने."

"राँग नंबर तर नाही ना लागला? मी क्रेन चालवते. मी काही नाजूक बाई नाही."

"नाजूक कुठं म्हणाले मी? तुमच्या घरात सगळं भक्कम आहे. फक्त दारावरचा एक पहारेकरी कमी आहे. म्हणून दार लावून घ्या म्हणतेय."

घारीनं बांधलेल्या नाड्या सोडल्या. त्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा फोरमनला "मी येत नाही" असं कळवलं, आणि फोन ठेवल्यावर आपण चोरी करून आलोय असं तोंड करून बसली.

खरा पेच संध्याकाळी पडला. लेक कामावरून आली. ती मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढायची, आणि साथ आल्यापासून तिच्याकडे छातीच्या एक्स-रेची रांग लागलेली असायची. घर म्हणजे दोन खोल्या, एक न्हाणीघर. लांब राहायचं तरी कुठं? लेकीनं दारातच उभं राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, माझी बॅग दाराबाहेर ठेवा. रुग्णालयाच्या वसतिगृहात खोली मिळतेय मला."

"काही कुठं जायचं नाही," घार उसळली. "माझ्यासाठी तू घर सोडणार? मी काय काचेचं भांडं आहे?"

"आई, रोज किती धडधाकट माणसं माझ्यासमोर धापा टाकत येतात, तुला माहीत नाही. प्रत्येकाला वाटत असतं, मला काय होतंय."

"मी तशी नाही."

"तेही हेच म्हणतात."

घड्याळजीनं बॅग भरली. घारीनं खिडकीतून लेकीला कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं. रडण्याची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं भांडी घासायला घेतली आणि दोन कप फोडले.

पुढचे दिवस तिच्या जिवाला फार लागले. नवरा घरातला फौजदार झाला. तो कांदे साबणानं धुवायचा, बटाटे साबणानं धुवायचा, दुधाची पिशवी उन्हात वाळत घालायचा. एकदा अंडी फेसात घोळवताना त्यानं एक फोडलं, तेव्हा ती म्हणाली, "आता मलाही एकदा साबण लावून वाळत घाला." शेजारीण भिंतीपलीकडून "काय म्हणते तब्येत?" असं हळुवार आवाजात विचारायची. तो हळुवारपणा घारीला सुईसारखा टोचायचा. आयुष्यभर जिच्याकडे लोकांनी मान वर करून पाहिलं, तिच्याकडे आता सगळे मान कलती करून बघत होते.

दीडेक महिना असा गेला, आणि फोरमनचा फोन आला. घसा खाकरून खाकरून तो मुद्द्यावर आला. क्रेनवाल्यांपैकी निम्मे आजारी पडले होते. जहाजं बाहेर नांगर टाकून खोळंबली होती. त्यांत धान्य होतं, औषधं होती.

"ताई, मला विचारायला तोंड नाही," तो म्हणाला. "पण तुमच्याशिवाय आता मला कुणी दिसत नाही."

घारीला इतका आनंद झाला की तिनं आधी फोनवर हात ठेवून नवऱ्याला डोळा घातला. पण आवाज मात्र तिनं जड ठेवला. "मी डॉक्टरांना विचारून सांगते," ती म्हणाली. घड्याळजी थक्क होऊन बघतच राहिला. ही बाई कुणाला विचारून काही करते हे त्याला नवीन होतं.

डॉक्टरनं सगळं नीट ऐकलं. "केबिनमध्ये तुमच्याबरोबर कोण असतं?"

"मी एकटीच. कधीतरी बाहेरच्या कठड्यावर एक कबूतर येतं."

"आणि वर कशा जाता?"

"लिफ्टनं. पण जिना आहे."

डॉक्टर लगेच हो म्हणाली नाही. तिनं आपल्या वरिष्ठांना विचारलं, दुसऱ्या दिवशी फोन केला आणि अटी घातल्या. ती केबिन दुसऱ्या कुणी वापरायची नाही. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही. कँटीन बंद, गप्पा बंद, येणं-जाणं एकटीनं चालत. जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या कायम जवळ. "आणि सगळ्यात महत्त्वाचं," डॉक्टर म्हणाली, "जराही अंग गरम वाटलं, थंडी वाजली, तर गोळी घ्यायची, त्याच क्षणी काम सोडायचं आणि रुग्णालय गाठायचं. 'एवढं उरकते आणि जाते' नाही. मला शब्द हवाय."

"दिला," घार म्हणाली. शब्द ती सहजासहजी देत नसे. दिला की दिला.

ती गोदीत परतली त्या सकाळी फोरमननं सगळ्यांना आधीच तंबी देऊन ठेवली होती. फाटकापासून क्रेनच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता मोकळा होता आणि दोन्ही बाजूंना, लांब, भिंतीला पाठ लावून माणसं उभी होती. कुणी जवळ आलं नाही, कुणी हात पुढे केला नाही. एका ट्रकवाल्यानं तेवढा हॉर्न दिला, आणि मग सगळ्यांनीच दिला. घार मधून चालत गेली. लाखात एक असल्यासारखी चालत होती, असं फोरमननं नंतर सांगितलं. तिला मास्कच्या आत हसू आवरत नव्हतं, पण ते कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता.

जिना चढताना मात्र घरबसलेपणानं सूड उगवला. तीनदा थांबावं लागलं. प्रत्येक वेळी ती कठड्यावर हात ठेवून समुद्राकडे बघत राहायची, जणू काही जहाजांची पाहणी चालली आहे.

मग तिनं काम असं काही उपसलं की बास. एकामागून एक जहाज मोकळं होत गेलं. जेवणाची पिशवी फोरमन खालून दोराला बांधायचा, ती वर ओढून घ्यायची. दिवसभरात बोलणं व्हायचं ते फक्त वॉकीटॉकीवर. घरी आली की नवऱ्यासमोर बसून तिची बडबड सुरू व्हायची, आणि तो म्हणायचा, "ही साथ लवकर संपू दे रे बाबा, माझे कान चाललेत."

पावणेदोन महिने असे छान गेले. एका दुपारी, कंटेनर हवेत असताना, तिचे दात एकमेकांवर आपटले. तिला वाटलं, वारा सुटलाय. पण खिडक्या बंद होत्या. अंगावर काटा आला, मग पाठीतून थंडीची एक लाट गेली आणि हातातले दांडे थरथरायला लागले. खाली ट्रक उभा होता. त्याच्यामागे अजून रांग होती, आणि त्या जहाजावरचे जेमतेम काही कंटेनर उरले होते. तासाभराचं काम. तिच्या आयुष्यातल्या कुठल्याही दुसऱ्या दिवशी तिनं ते दात आवळून संपवलं असतं, आणि त्याचीच फुशारकी मारली असती.

तिनं कोपरं मांडीवर दाबून धरली, हात स्थिर केले आणि तो एक कंटेनर ट्रकवर ठेवला. हलकेच ठेवला. मग गोळी तोंडात टाकली आणि वॉकीटॉकी उचलली.

"फोरमन, मला ताप आहे. मी उतरते. गाडी बोलवा."

पलीकडून फोरमननं पुन्हा विचारलं, "काय म्हणालात ताई?"

"बरी नाहीये मी," घार म्हणाली. हे शब्द आपल्या तोंडून तिनं स्वतःसुद्धा पहिल्यांदाच ऐकले.

ती तो जिना एकेक पायरी बसत उतरली. खाली माणसं धावत आली, तर ती वरूनच ओरडली, "लांब! लांब राहा! तुम्हाला लागण व्हायची!" तीही ऐकणारी माणसं नव्हती, पण त्या दिवशी ऐकली. सगळी जागच्या जागी थांबली, आणि मानानं काढलेली टोपी ती गाडीत बसेपर्यंत एकानंही पुन्हा डोक्यावर घातली नाही.

रुग्णालयात तिला चाकाच्या खुर्चीतून लगोलग एक्स-रेच्या खोलीत नेलं. आत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलं कुणीतरी यंत्रापाशी उभं होतं. फक्त डोळे दिसत होते. घारीनं ते डोळे लगेच ओळखले. त्या डोळ्यांनीही तिला ओळखलं. खरं तर कागदावरचं नाव वाचलं तेव्हाच ओळखलं होतं. पण हात थांबले नाहीत. एका हातानं खुर्चीचा ब्रेक लावला, दुसऱ्यानं एक्स-रेची प्लेट सरकवली, खांदे धरून नेमके पाहिजे तसे वळवले.

"हनुवटी वर ठेवा," लेक म्हणाली. "खांदे सैल. घाबरू नका. श्वास आत घ्या... धरून ठेवा... सोडा."

जन्मात कधी लेकीनं तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. अंग तापानं फणफणत होतं, पण घार तो आवाज ऐकत राहिली. त्यात घाई नव्हती, कापरेपण नव्हतं. बाहेर रांग होती, आत आई होती, आणि पोरीचा हात तसूभर हलला नव्हता. हे काम रोज असं करते ही? आणि आपण तिला संध्याकाळी विचारायचो काय, तर 'जेवलीस का?'

पडद्यावर चित्र उमटलं. लेकीनं ते दोनदा बघितलं. "छाती स्वच्छ आहे," ती म्हणाली, आणि मगच आईचा हात घट्ट धरला. "आई, छाती स्वच्छ आहे गं."

साथीचा आजार नव्हताच तो. दुसराच एक जंतू रक्तात शिरला होता. पाणथरी असलेल्या माणसाला दोन दिवस अंथरुणात झोपवून सोडून देणारा. वॉर्डातल्या डॉक्टरनं सलाइनची नळी नीट करता करता सांगितलं, "वेळेवर गोळी घेतलीत आणि आलात म्हणून वाचलात. संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर सांगता आलं नसतं." आरोग्य केंद्रातल्या त्या तरुण डॉक्टरचा फोन आला तेव्हा घार म्हणाली, "तुमचं ऐकलं बरं का मी." डॉक्टर म्हणाली, "पहिल्यांदा राँग नंबर म्हणाला होतात." दोघी खूप हसल्या.

आठवड्याभरानं ती घरी आली, पुढे लस आली, लेकही बॅग घेऊन घरी परतली. घार पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसली. क्रेनवाले बरे होऊन एकेक करून कामावर आले. चहाच्या सुट्टीत लोक तिच्याभोवती जमून म्हणायचे, ताई, त्या दिवशी हात थरथरत असताना तो कंटेनर ठेवलात तरी कसा, ते सांगा. घार हात झटकायची.

"त्यात काय आहे सांगण्यासारखं? ठेवला. तुम्ही माझ्या पोरीला काम करताना बघितलंय का? बसा इथं, सांगते."