निम्म्या चेकची पावती

आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत आणि त्यातल्या अकरा घरांत माझ्यापेक्षा तळमजल्यावरच्या बाईंना मान जास्त. बारावं घर माझं. तिथली परिस्थिती तर विचारूच नका. माझी बायको बाईंच्या आवाजावर फिदा आहे.

इमारत आम्ही राहणारेच चालवतो. मी सेक्रेटरी, बाई खजिनदार. माझं कोर्टाच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. वीस वर्षं लोकांचे दावे मशीनवर छापता छापता वाचले आणि कायदा शिकलो. पाण्याच्या टाकीसाठी महापालिकेत तीन दिवस ठाण मांडून बसलो होतो, टाकी आणूनच उठलो. असल्या माणसाची नोटीस लोकांनी जिन्यात उभं राहून, चष्मा लावून वाचायला नको? ती भाजीच्या सालांखाली जाते. आणि बाईंनी फोन केला की तासाभरात माणूस चेक घेऊन खाली हजर!

बाईंनी बत्तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर काढली. रडणारे, ओरडणारे, चुकीच्या वॉर्डात जोडले गेलेले, सगळ्यांना त्यांनी एकाच सुरात सांभाळलं. निवृत्तीनंतर तोच सूर त्यांनी आमच्या मेंटेनन्सच्या वसुलीला लावला. त्या पैसे मागतच नाहीत. “नमस्कार, तळमजल्यावरून बोलतेय. सवडीनं बोला, मी लाइनवर आहे,” एवढं म्हणतात आणि गप्प बसतात. समोरच्याला ती शांतता सोसवत नाही. तो आपणहून बोलायला लागतो, कुठे अडलंय ते सांगतो आणि तारीखही स्वतःच देतो. मी हे घरी करून पाहिलं. पंधरा सेकंदांत माझाच आवाज चढला. बायको म्हणाली, “तुम्ही नका हो, तुम्हाला शोभत नाही.”

म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याचं प्रकरण आलं तेव्हा मी ठरवलं, हे काम माझं. चौदा महिन्यांची बाकी होती. दहाव्या महिन्यापासून तो जिन्यात मला पाहून परत वर जायचा, बाईंचाही फोन घेईना. मला आतून किती बरं वाटलं सांगू! म्हटलं, इथे बाईंचा सूर संपला, आता कायदा बोलेल. मी वकील केला. सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं, “वकिलाची फी त्याच्याच बोकांडी बसेल. नाही बसली तर मी माझ्या खिशातून भरीन. तुम्हाला एका पैशाची तोशीस नाही!”

टाळ्या पडल्या. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “फी थकबाकीदाराकडून घ्यायची असेल तर तसा ठराव आहे का आपला? नसेल तर आज करून घेऊ.”

“बाई, कायदा मला शिकवू नका,” मी म्हणालो. लोक हसले आणि सभा उठली.

वकिलाची नोटीस गेली, दाव्याचे कागदही तयार झाले. तेवढ्यात चष्मेवाल्याचं पत्र आलं. सोबत निम्म्या बाकीचा चेक, उरलेली तीन हप्त्यांत देतो म्हणून लिहिलेलं. त्याच्या चष्म्यांच्या दुकानासमोरचा रस्ता खणून ठेवल्यानं वर्षभर गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

बाई चेक पाहून म्हणाल्या, “घ्या. पावतीवर लिहा, जुन्या बाकीपोटी मिळाले, उरलेली बाकी कायम.”

“निम्मे घेतले की केस मेली!”

“मरत नाही, भाऊ. लिहून घेतलं की जिवंत राहते.”

खरं सांगतो, त्या क्षणी मी केसचा विचारच करत नव्हतो. चेक घेतला असता तर इमारतीत झालं असतं की बघा, बाईंनी मिटवलं. मी लाल शाईनं चेकवर आडवं लिहिलं, ‘पूर्ण रक्कम भरा, नाहीतर कोर्टात भेटू’, आणि त्याच्या दाराखालून आत सरकवला.

भेटलो की कोर्टात. चष्मेवाल्यानं तो चेक न्यायाधीशांपुढे ठेवला. त्यांनी लाल अक्षरं वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे अक्षर कुणाचं?” निकाल असा लागला की बाकी व्याजासह भरा, पण वकिलाच्या फीची सक्ती नाही. एक तर ठराव नाही, आणि देणारा देत असताना तुम्ही परत पाठवलंत. फी झाली होती छत्तीस हजार. तेवढेच मी नव्या मशीनसाठी साठवले होते. जुनं मशीन प्रत्येक पानावर काळी रेघ मारतं.

फीचा हिशेब द्यायच्या सभेला चार दिवस राहिले तेव्हा नाक मुठीत धरून मी बाईंकडे गेलो. दार त्यांच्या नणंदेनं उघडलं. जिभेला हाड नाही त्या बाईच्या.

“या या, वकीलसाहेब! चहा टाकू की अपील?”

“वन्सं, बसू द्या त्यांना,” बाई आतून म्हणाल्या.

मी वकिलाचं बिल पुढे ठेवलं. बाईंनी एकूण आकडा पाहिलाच नाही. बोट तारखांवरून फिरवत नेलं आणि मधेच थांबवलं.

“चेक कधी परत केलात?”

मी तारीख सांगितली. त्यांनी पेन्सिलीनं बिलावर आडवी रेघ ओढली. वर नोटीस आणि कागदपत्रं, अठरा हजार. खाली कोर्टातल्या तारखा, तेही अठरा. वीस वर्षं मी बिलं छापतोय, मला हे सुचू नये?

त्यांनी तिथेच चष्मेवाल्याला फोन लावला. मी म्हटलं, स्पीकरवर टाका. त्या म्हणाल्या, “एकाचं बोलणं तिसऱ्याला ऐकवायची सवय नाही मला.” मग मला ऐकू आली ती फक्त त्यांची बाजू. “नमस्कार, तळमजल्यावरून. दुकानात कुणी आहे का? असू दे, थांबते मी.” नंतर बराच वेळ नुसतं घड्याळ. “हं.” पुन्हा घड्याळ. “रेघेच्या वरचं, हो. खालचं तुमच्याकडे मागणारच नाही. तीन हप्ते? चालेल. पावती वर पाठवते.”

फोन ठेवला. “म्हणाला, तोंड लपवलं ते माझं चुकलं, त्या दिवसांची फी माझी.”

“आणि रेघेखालचे?”

बाईंनी पेन्सिल डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं. नणंद विणकाम करत होती, तिनेही मान वर केली नाही. मी खिडकीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं.

“मी चेक परत केला तो तुम्हाला श्रेय मिळू नये म्हणून,” मी म्हणालो. हे बोलायला मी आलोच नव्हतो. “खालचे अठरा माझे.”

“अगं बाई,” नणंद म्हणाली, “ह्यांनाही आवाज कमी करता येतो की!”

सभेत मी अठरा हजारांचा चेक टेबलावर ठेवला. कुणीतरी विचारलं, सेक्रेटरी का भरतोय? मी कारण सांगितलं, श्रेयाचंही सांगितलं. बाईंनी पावती फाडून दिली, एरवी देतात तशीच. मग म्हणाल्या, आता ठराव करून टाकू, पण शब्द भाऊंनी घालावेत, मला ती भाषा जमत नाही. मी तिथेच उभ्या उभ्या लिहिला. थकबाकीदाराने देऊ केलेली कोणतीही रक्कम घ्यावी, पावतीवर उरलेली बाकी कायम असल्याचं लिहावं. त्यानंतरही वकील करावा लागला तर त्याची वाजवी फी थकबाकीदाराकडून घ्यावी. असा चोख ठराव या गल्लीत कुणाला लिहिता येत असेल तर दाखवा. बाराच्या बारा सह्या झाल्या.

गेल्या आठवड्यात मागच्या इमारतीचे दोघे दुकानात आले. म्हणाले, तुमच्या बाईंच्या ठरावाची एक प्रत हवी होती. मी सांगितलं, ठराव मी लिहिलाय, हे अक्षर बघा. “हो का? छान,” ते म्हणाले, “पण बाईंचाच ना?” मी प्रत काढून दिली. काळी रेघ बरोबर माझ्या सहीवरून गेली होती. दुसरी काढून देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, नको, वाचता येतंय.