शिऊयुनने देखण्या केलेल्या जिभा

चीनमधल्या बोजौ शहरात औषधी मुळ्यांचा मोठा बाजार आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर तान शिऊयुन दिवसभर परक्यांच्या जिभा न्याहाळत बसायची. पडद्यावर फोटो यायचा, ती माऊसने जिभेच्या कडेकडेने रेघ ओढायची. संगणक हुशार असला तरी ओठही गुलाबी आणि जीभही गुलाबी, म्हटल्यावर गोंधळतो. जीभ नेमकी कुठे संपते, हे त्याला हजारो रेघा दाखवून शिकवावं लागतं. मग म्हणे तोच जीभ बघून दुखणं ओळखणार.

याआधी शिऊयुनची उमर लग्नाच्या फोटोंत गेली होती. नवरीची हनुवटी निमुळती कर, नवरदेवाचं पोट आत घे, सासूचा चामखीळ पुस. पुढे हे काम फोन स्वतःच करायला लागले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला दुसरी नोकरी मिळाली, हेच नवल. तिच्या रेघा इतक्या सफाईदार की बाकीच्या मुलींना तिच्याच फोटोंवरून शिकवलं गेलं.

संगणकाची परीक्षा झाली. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव! उत्तरं तपासायची ती शिऊयुनच्याच रेघांशी ताडून, त्यामुळे आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं; पण कंपनीचे मालक छ्याव साहेब यांनी सगळ्यांना बीफची गरम रोटी खाऊ घातली. सोमवारी हे जीभ बघणारं यंत्र खेड्यांतल्या दवाखान्यांत जाणार होतं.

तेवढ्यात म्हातारे दोउ वैद्य पाहायला आले. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "कमाल आहे. माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाच्या जिभेच्या कडेला दातांचे ठसे असतात. तुमच्या यंत्राला एकाही जिभेवर दिसत नाहीत."

"लोक निरोगी झालेत, आजोबा!" छ्याव साहेब खूश झाले.

"असतील बाबा," म्हणून वैद्य चहा प्यायला गेले.

शिऊयुनने आपला एक जुना फोटो मोठा करून पाहिला. ठसे होते. तिनेच ते पुसले होते. जिभेच्या कडेला खाच दिसली की तिचा हात आपोआप गोल वळायचा, नवरीचा दंड गोल करताना वळायचा तसाच. पोटातली प्लीहा दुबळी झाली की जीभ सुजते, दातांवर दाबली जाते आणि खाचा पडतात, हे इथे भाजीवालीलाही ठाऊक. शिऊयुनलाही ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं.

बोलली तर नोकरी जाणार. न बोलली तर सोमवारनंतर कुण्या खेडुताला यंत्र सांगणार, तुमची तब्येत उत्तम. रोटीचा घास तिच्या तोंडात फिरत राहिला.

सगळे गेल्यावर ती साहेबांच्या दारात उभी राहिली.

"साहेब, जरा जीभ काढता?"

"तानताई, सुट्टी झाल्यावरही तुम्ही कामावरच असता वाटतं," म्हणत त्यांनी गमतीने जीभ काढली. तिने फोटो घेतला, यंत्राला दिला. यंत्राने झोकदार, गुळगुळीत रेघ ओढली. मग तिने साहेबांपुढे आरसा धरला.

कडेला खाचाच खाचा. बशीच्या नक्षीदार काठासारख्या.

"हे... हे कधीपासून?"

"ते मला कसं माहीत? यंत्राला दिसत नाहीत, कारण मी त्याला दाखवल्याच नाहीत. सगळ्या जिभा मी देखण्या केल्यात, साहेब. मुलींनाही तेच शिकवलं."

साहेब बराच वेळ आरशातच होते. यंत्राची चिंता आणि प्लीहेची चिंता यांत कोणती मोठी, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"सोमवार रद्द," अखेर ते म्हणाले. "सगळ्या रेघा पुन्हा."

"कोण ओढणार?" तिने विचारलं.

"ज्याने बिघडवल्या तोच. दुसरा माणूस शोधायला वेळ आहे का? पण बाई, एक जरी खाच पुसलीत, तर घरी जायचं."

शिऊयुन जागेवर येऊन बसली. पहिला फोटो कुणा म्हाताऱ्याचा होता. पहिल्या खाचेपाशी हात वळायला लागला, तसं तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, आणि तसंच धरून ती रेघ ओढत राहिली.